भडिमार कोणी केला, ते सांगा

बंगळुरूत पावसाच्या दोन मोठ्या सरी पडून गेल्या, मारतहळ्ळीच्या पुलाखाली पाणी साचले आणि बाह्य वर्तुळमार्गावरची वाहने जागच्या जागी उभी राहिली, की दुसऱ्या दिवशीच्या इंग्रजी वृत्तपत्रांत एक मथळा ठरल्यासारखा येतो: अमुक खात्याने 'फ्लॅक' ओढवून घेतला. 'ड्रॉ फ्लॅक' हा तो शब्दप्रयोग. सार्वजनिक टीकेचा विषय होणे, चोहोंकडून दोष दिला जाणे, असा त्याचा रूढ अर्थ असून तो आटोपशीर असल्यामुळे मथळ्याच्या अरुंद जागेत नीट बसतो. नोकरीनिमित्त या शहरात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींच्या बोलण्यात, आणि बोलण्यातून लिहिण्यात, तो आता सरसकट शिरला आहे; महापालिकेला फ्लॅक मिळाला, असे वाक्य सुशिक्षित मनुष्यही निःशंकपणे लिहून जातो. परकीय शब्द भाषेत येण्याला माझा विरोध नाही. ज्या भाषेने अर्ज, हुकूम आणि कैफियत हे शब्द आपलेसे केले, तिला आणखी एक शब्द जड होणार नाही. माझी तक्रार निराळी आहे. 'टीका झाली' असे जो लिहितो, त्याने टीका कोणी केली, कशाबद्दल केली आणि ती करण्याचा त्याचा अधिकार कोणता, हे सांगण्याची जबाबदारी अंगावर घेतलेली असते. आणि हा शब्दप्रयोग, आज ज्या रीतीने वापरला जातो त्या रीतीने, ती जबाबदारी बिनबोभाट चुकवू देतो.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. विमानावर मारा करणाऱ्या तोफेला जर्मन भाषेत जे लांबलचक सामासिक नाव आहे, त्याच्या तुकड्यांची अक्षरे घेऊन 'फ्लाक' हे संक्षिप्त रूप बनले, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर बॉम्बफेक करावयास जाणाऱ्या ब्रिटिश व अमेरिकन वैमानिकांच्या तोंडून ते इंग्रजीत रुजले. युद्ध संपल्यावर तोफा थंडावल्या आणि शब्द टीकेच्या अर्थाने मागे राहिला. इंग्रजीत तो एफ, एल, ए, के अशा चार अक्षरांनी लिहावयाचा. 'के'च्या आधी 'सी' घातला, की अमेरिकन बोलीत तो प्रसिद्धीचा व्यवसाय करणाऱ्या, म्हणजे मोबदला घेऊन दुसऱ्याची भलामण करणाऱ्या माणसाचा वाचक होतो. एका अक्षराच्या फेराने टीकेच्या जागी तिचा नेमका विरोधक येऊन बसावा, अशी ही गफलत असून इंग्रजीत लिहिणारे तीत वारंवार सापडतात. देवनागरीत दोन्ही रूपे सारखीच दिसत असल्याने आपणांस ती जाणवत नाही. परंतु रोमन अक्षरांनी होणारी फसगत मारतहळ्ळीत राहणाऱ्या मराठी माणसाला अपरिचित नसावी, कारण रोमन पाटीवर 'टी'पुढे 'एच' पाहून कित्येक जण या गावाचा संबंध मराठ्यांशी जोडतात, आणि त्याच पाटीवरच्या कन्नड ओळीत मात्र स्वच्छ 'त' लिहिलेला असतो.

ज्या काळी हा शब्द इंग्रजीत रुजत होता, त्याच काळी मारतहळ्ळीच्या पश्चिमेस, हाकेच्या अंतरावर, विमानांचा कारखाना उभा राहत होता, याचे स्मरण येथे अप्रस्तुत होणार नाही. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या भागीदारीत डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कंपनीची स्थापना केली. १९४२ मध्ये हिंदुस्थान सरकारने तिचा कारभार आपल्या हाती घेतला, आणि १९४३ मध्ये तो कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या व्यवस्थेखाली जाऊन पूर्वेकडील आघाडीवरच्या विमानांच्या दुरुस्तीचे मोठे ठाणे बनला. अलंकार म्हणून आपण आज जो शब्द सहज वापरतो, त्याचा वाच्यार्थ त्या कारखान्यात दुरुस्तीला येणाऱ्या विमानांच्या वैमानिकांना अनुभवाने ठाऊक होता.

त्या वाच्यार्थाकडे जरा निरखून पाहिले, म्हणजे शब्दप्रयोगाचा योग्य उपयोग कोणता हे आपोआप कळून येते. विमानविरोधी तोफखाना एक गोळा उडवून थांबत नसे. अनेक तोफा एकाच दिशेने एकसारखा मारा करीत, गोळे आकाशात विमानांच्या भोवती फुटत, त्यांचे तुकडे चोहोंकडे उडत, आणि ज्याच्यावर मारा होई त्या वैमानिकाला खालच्या अंधारातला गोलंदाज दिसत नसे. तेव्हा फ्लॅक म्हणावयाचा तो अनेकांकडून झालेल्या, काही काळ चाललेल्या आणि एका विवक्षित कृत्याबद्दलच्या टीकेलाच. एखाद्या आमदाराने एकदा नापसंती दर्शविली, म्हणजे फ्लॅक होत नाही. चौकशी सुरू झाली, म्हणजेही होत नाही. आणि वैमानिकाला गोलंदाज दिसत नसला, तरी वार्ताहर विमानात बसलेला नसतो. तो जमिनीवर उभा असतो, तोफा कोणाच्या आणि किती, हे त्याला मोजता येते, किंबहुना ते मोजण्यासाठीच त्याची नेमणूक असते. त्याने वैमानिकाच्या दृष्टीने पाहून 'मारा झाला' एवढेच लिहावे, ही गोष्ट मला त्याच्या कर्तव्याशी विसंगत वाटते. इंग्रजीतही चांगला लेखक हा प्रयोग केल्यावर कोणाकडून आणि कशाबद्दल, ही दोन्ही पदे वाक्यात जोडतो. त्यांतले एक जरी गाळले तरी वाक्य व्याकरणाने पुरे आणि अर्थाने अपुरे राहते.

मराठीला या बाबतीत उसनवारी करण्याचे फारसे कारणच नव्हते. भडिमार, सरबत्ती, फैरी हे सारे शब्द तोफा-बंदुकांच्याच व्यवहारातून टीकेच्या व्यवहारात आलेले आहेत, आणि प्रत्येकाने येताना आपला वेगळा अर्थ बरोबर आणला आहे. भडिमारात सातत्य आहे. सरबत्तीत एकाच वेळी अनेकांनी केलेला प्रश्नांचा मारा आहे. फैरी झाडणाऱ्याला थोडी उसंत घेऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. झोड उठण्यासाठी झोडणारे अनेक असावे लागतात. धारेवर धरण्यासाठी ज्याला धरावयाचे तो समोर हजर असून उत्तर देण्यास बांधलेला असावा लागतो, म्हणून विधानसभेत विरोधी पक्ष मंत्र्याला धारेवर धरू शकतो, परंतु घरात बसून तशा अर्थाचे पत्र लिहिणाऱ्याला ते जमणार नाही. कानउघाडणी करणाऱ्याचा ज्याचे कान उघडावयाचे त्याच्यावर वडीलकीचा किंवा वरिष्ठपणाचा हक्क असतो. निषेध हा संस्थेने ठरावाने नोंदवावयाचा. अधिकाराचे आणि अंतराचे इतके बारीक भेद ज्या भाषेने शतकानुशतके जपले, त्या भाषेतल्या बातम्या आज 'फटकारले', 'झापले' आणि 'सुनावले' या तीन क्रियापदांवर सगळा कारभार उरकतात, हे पाहून मला मनापासून वाईट वाटते.

या सर्वांत ज्या शब्दाची मला विशेष काळजी वाटते, तो 'ताशेरे'. हा शब्द कचेरीचा आहे. वरिष्ठ अधिकाऱ्याने कनिष्ठाच्या कामाचे दप्तर तपासून त्यावर जो प्रतिकूल शेरा मारावयाचा, न्यायाधीशाने निकालपत्रात कोणाच्या वर्तनावर जो ठपका ठेवावयाचा, त्याला ताशेरे ओढणे म्हणतात. ताशेरे ओढणाऱ्याला आपल्या नावाची सही खाली करावी लागते, आणि ज्याच्यावर ते ओढले गेले त्याच्या नोकरीच्या कागदपत्रांत ते कायमचे चिकटतात. कित्येकांची बढती त्यांनी अडली आहे, कित्येकांची चौकशी त्यांनी सुरू झाली आहे. आज मात्र माजी क्रिकेटपटू संघनिवडीवर ताशेरे ओढतो, विरोधी पक्षाचा प्रवक्ता सरकारवर ताशेरे ओढतो, आणि एखादी अभिनेत्री आपल्या सहकलावंतावरही ताशेरे ओढते. ज्याला शेरा मारण्याचा अधिकार नाही त्याच्या हाती लेखणी देऊन आपण शब्दाचे वजन इतके कमी केले आहे, की न्यायालयाने खरोखर ताशेरे ओढले असता वाचकाला त्याचे काही वाटेनासे झाले आहे.

न्यायालयाच्या ताशेऱ्यांत किती तोलून-मापून शब्द वापरावे लागतात, याविषयीचा एक निकाल प्रसिद्ध आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला, जे स्वतः उर्दूचे नामांकित कवी होते, त्यांनी मोहम्मद नईम नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या प्रकरणात सगळ्या पोलीस दलाविषयीच अत्यंत कठोर शब्द लिहिले. देशातील कोणत्याही बेकायदा टोळीच्या गुन्ह्यांची नोंद या संघटित दलाच्या जवळपासही येत नाही, असा त्यांचा आशय होता. उत्तर प्रदेश सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९६३ च्या निकालाने ते शब्द काढून टाकण्यात आले. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने जी कसोटी सांगितली, ती आजही उद्धृत होते: ज्याच्यावर ठपका ठेवावयाचा तो न्यायालयापुढे आहे काय, किंवा त्याला आपला खुलासा करण्याची संधी मिळाली आहे काय, ठपक्याला आधार देणारा पुरावा दप्तरात आहे काय, आणि प्रकरणाचा निर्णय देण्यासाठी तो ठपका ठेवणे आवश्यक आहे काय. मी हा निकाल केवळ वकिलांच्या उपयोगाचा मानीत नाही. वृत्तपत्रात कोणाविषयी टीकेचे वाक्य लिहिणाऱ्याने या तीन प्रश्नांपुढे आपले वाक्य क्षणभर उभे करून पाहिले, तर आपली निम्मी क्रियापदे तो स्वतःच बदलील, अशी माझी खात्री आहे.

न्यायालयाचे तोंडी बोलणे आणि न्यायालयाचा लेखी हुकूम यांत भेद करण्याची गरज याहूनही मोठी आहे. सुनावणी चालू असताना न्यायाधीश वकिलाला अडवितात, शंका काढतात, कधी रागावून बोलतात. त्यातले काय शेवटी निकालात उतरेल, हे त्यांनाही त्या क्षणी ठाऊक नसते. २६ एप्रिल २०२१ रोजी, कोविडची दुसरी लाट भरात असताना, मद्रास उच्च न्यायालयाने निवडणूक प्रचारसभांविषयी बोलताना निवडणूक आयोगाच्या अधिकाऱ्यांवर खुनाचा आरोप ठेवला पाहिजे, अशा अर्थाचे उद्गार काढले आणि ते देशभर मथळ्यांत झळकले. आयोगाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ६ मे रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती एम. आर. शहा यांनी निकाल दिला, तो असा की, तोंडी उद्गार हे न्यायालयाच्या दप्तराचा भागच नसल्यामुळे ते काढून टाकण्याचा प्रश्न उद्भवत नाही; वृत्तपत्रांना ते छापण्यास मज्जाव करता येणार नाही; मात्र न्यायाधीशांनी बोलताना संयम राखावा. या निकालाने वृत्तपत्रांचा हक्क शाबूत ठेवला, आणि माझ्या मते त्याच वेळी त्यांच्यावर एक जबाबदारीही टाकली. जे दप्तरात नाही त्याला ताशेरे म्हणता येणार नाही. 'सुनावणीच्या वेळी न्यायालय म्हणाले' असे सरळ लिहावे. वाचक तेवढे समजण्याइतका सुज्ञ आहे.

टीकेच्या शब्दांचे वजन चुकीचे मोजले गेले असता त्याची किंमत मनुष्याला आयुष्याने मोजावी लागते, हे मराठी वाचकाला इतिहासाने शिकविले आहे. सप्टेंबर १८९७ मध्ये 'केसरी'तील मजकुराबद्दल टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सारा वाद कायद्यातल्या एका शब्दाभोवती फिरत होता. सरकारविषयी 'अप्रीती' पसरविणे हा गुन्हा. परंतु अप्रीती म्हणजे काय? न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावून सांगितले, की अप्रीती म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, आणि द्वेष, वैर, नावड, तुच्छता या सर्वांचा समावेश तीत होतो. सरकारच्या कृत्यांविषयी नापसंती दर्शविणे वेगळे आणि सरकाराविषयी वैरभाव चेतविणे वेगळे, ही जी रेषा कायद्याने आखली होती, ती या एका व्याख्येने पुसट झाली. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी दोषी ठरविले, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष ठरविले, आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९०८ च्या दुसऱ्या खटल्यात टिळकांनी आपल्या बचावाचा मोठा भाग 'केसरी'तील मराठी शब्दांचे सरकारी इंग्रजी भाषांतर कसे सदोष आहे, हे दाखविण्यात खर्च केला, सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी त्यांनी स्वतः घेतली, आणि तरीही सहा वर्षांची शिक्षा त्यांच्या वाट्यास आली. टीका कोणत्या प्रतीची आहे हे ठरविणारा शब्द सैल सोडला, की तो ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्या सोयीने अर्थ घेतो, हे त्या दोन खटल्यांनी दाखवून दिले. आज वाटेल त्या मतभेदाला हल्ला म्हणणारा आणि साध्या प्रश्नाला बदनामी म्हणणारा लेखक ती रेषा पुन्हा आपल्या हाताने पुसतो आहे.

आता मारतहळ्ळीकडे परत येतो, कारण माझा मुद्दा येथे सर्वांत स्पष्ट दिसतो. २०२२ च्या ऑगस्टअखेरीस आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात येथे जो पाऊस झाला, त्याने मारतहळ्ळी, बेळ्ळंदूर आणि सर्जापूर रस्त्याचा परिसर पाण्याखाली गेला; माणसे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून कचेऱ्यांना गेली. बाह्य वर्तुळमार्गावरच्या कंपन्यांच्या संघटनेने मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांना पत्र लिहून ३० ऑगस्टच्या एका दिवसात २२५ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे कळविले. ही टीका नमुनेदार होती. तिच्यावर संस्थेचे नाव होते, तारीख होती, रक्कम होती, आणि ती ज्याला उत्तर देणे भाग होते त्याच्या नावाने पाठविलेली होती. मुख्यमंत्र्यांनीही उत्तर दिले; दोष आधीच्या सरकारांच्या कारभाराचा आहे, असे ते म्हणाले. उत्तर पटो वा न पटो, टीकेला उत्तर मिळाले. परंतु त्या दिवसांतल्या कितीतरी बातम्यांनी हा सारा व्यवहार 'महापालिकेवर टीकेची झोड' या तीन शब्दांत गुंडाळला.

कोणत्या महापालिकेवर? बृहत् बंगळुरू महानगर पालिकेची शेवटची निवडणूक २०१५ साली झाली, निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली, आणि त्यानंतर कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकाकडे गेला. म्हणजे २०२२ च्या पुरात ज्या महापालिकेवर झोड उठली, तिच्यात लोकांनी निवडून दिलेला एकही मनुष्य नव्हता, आणि ही अत्यंत महत्त्वाची वस्तुस्थिती झोडेच्या आवाजात बुडून गेली. जेथे जबाब मागावयाचा तेथे कोणी बसलेले नाही, हे सांगणे ही स्वतंत्र आणि अधिक गंभीर टीका होती. ती ज्यांनी केली, त्यांना मोठा मथळा मिळाला नाही.

मथळ्यात जागा नसते, असे संपादक म्हणतील, आणि ते खरे आहे. मथळा राहू द्यावा. पण बातमीच्या पहिल्या वाक्यात कर्ता, कारण आणि अधिकार यांना जागा न मिळण्याचे काहीच प्रयोजन नाही. बेळ्ळंदूर तलावाचेच उदाहरण घ्या. मारतहळ्ळीपासून तो दूर नाही. त्याच्यावरचा फेस वाऱ्याने रस्त्यावर उडत असे, आणि २०१७ च्या फेब्रुवारीत तेथे लागलेल्या आगीचा धूर अनेकांनी आपल्या गच्चीवरून पाहिला. त्या तलावाविषयी वर्षानुवर्षे फ्लॅक, रोष, संताप असे शब्द छापले गेले. डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने राज्य सरकारला ५० कोटी आणि महापालिकेला २५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तलावाच्या कामासाठी ५०० कोटी रुपये वेगळे काढून ठेवण्यास फर्मावले, आणि न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली. हे ताशेरे होते, आणि ताशेऱ्यांपुढे जाऊन हुकूम होता. इतकी वर्षे ज्या वाचकाला प्रत्येक नाराजीचे वर्णन त्याच जळजळीत शब्दांत वाचावयास मिळाले होते, त्याला त्या दिवशीची बातमी वेगळी आहे हे कोणत्या शब्दाने सांगावयाचे?

सप्टेंबर २०२५ पासून या शहरात एकाऐवजी पाच महापालिका झाल्या असून मारतहळ्ळी पूर्वेकडच्या महापालिकेत गेली आहे. बेळ्ळंदूर तलावाचा ताबा विकास प्राधिकरणाकडे, त्यात जाणारे सांडपाणी ही पाणीपुरवठा मंडळाची बाब, रस्त्याच्या मध्यभागी खांब उभारण्याचे काम मेट्रो कंपनीचे, आणि वाहतूक राज्याच्या पोलीस खात्याकडे. पुढच्या पावसात पुलाखाली पाणी साचेल, तेव्हा यांपैकी कोणाच्या दप्तरात तक्रार रुजू करावयाची आणि कोणाकडून जबाब घ्यावयाचा, हे बातमी लिहिणाऱ्याने आधी दूरध्वनी करून विचारावे, आणि मग पाहिजे तर भडिमार म्हणावे.